तळाला गेलेल्या आमच्या फुटबॉल संघासाठी नवा प्रशिक्षक कसा निवडावा?

तालमीचा कार्यकर्ता, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार. आमच्या तालमीचा फुटबॉल संघ कोल्हापूरच्या वरिष्ठ गटात अनेक वर्षे खेळत आहे. मागील दोन मोसमांत मात्र आम्ही तळाच्या संघांतच राहिलो, आणि यंदा शेवटच्या सामन्यात बरोबरी साधता आली म्हणूनच खालच्या गटात जाण्याची नामुष्की टळली. त्यानंतर आठवड्याभरातच आमच्या प्रशिक्षकांनी पद सोडले. नव्या मोसमाची खेळाडू नोंदणी सुरू होण्यापूर्वी त्यांच्या जागी दुसरी नेमणूक व्हावी, असे समितीने ठरवले आहे.

तीन नावे पुढे आली आहेत. पहिले आमच्याच तालमीचे माजी बचावपटू आहेत. पेठेतील घराघरांत त्यांना मान आहे, डी लायसन्स (प्रशिक्षकाचे प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र) त्यांनी नुकतेच मिळवले आहे, परंतु आजवर स्वतंत्रपणे एकही संघ सांभाळलेला नाही. दुसरे पुण्याचे असून त्यांच्याकडे त्याहून वरच्या पातळीचे बी लायसन्स आहे. त्यांचे मानधन पहिल्यांच्या जवळजवळ तिप्पट होईल आणि ते केवळ मोसमापुरते कोल्हापुरात राहतील. तिसरे बारा वर्षे एका शाळेचा संघ घडवणारे शिक्षक आहेत. आमच्या सध्याच्या संघातील पाच मुले त्यांच्याच हाताखाली तयार झाली, पण वरिष्ठ संघाच्या बाकावर ते कधी बसलेले नाहीत.

संघाचे दुखणे कोठे आहे, हे मला थोडेफार ठाऊक आहे, कारण गेल्या मोसमातील प्रत्येक सामन्याची नोंद मी वहीत ठेवली आहे. आम्ही खाल्लेल्या गोलांपैकी निम्म्याहून अधिक गोल शेवटच्या वीस मिनिटांत झाले. आमचा सराव सकाळी सहाला गांधी मैदानावर सुरू होतो. सव्वासात वाजले की कडेला लावलेल्या दुचाकी एकेक करून सुरू होऊ लागतात, कारण शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मुलांना आठच्या आत हजेरी लावायची असते. उरलेल्या आठ-नऊ जणांना घेऊन पूर्ण संघाचा सराव होत नाही.

समितीत दोन तट पडले आहेत. आपला माणूस हवा, असे निम्म्यांना वाटते, तर बाहेरचा माणूस आल्याशिवाय शिस्त लागणार नाही, असे उरलेले म्हणतात. ज्यांनी संघ चालवला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. ही तालीम आमच्या आजोबांच्या पिढीने उभी केली आहे आणि ती खालच्या गटात गेलेली पाहणे आम्हाला फार जड जाईल.

माजी मध्यरक्षक, कोल्हापूर

आपण तीन माणसांबद्दल सविस्तर लिहिले आहे, परंतु सामन्याच्या दिवशी अकरा जणांचा संघ कोण निवडतो, हे लिहिलेले नाही. माझ्या मते सर्वांत आधी त्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

मी ज्या संघाकडून खेळलो, तेथे मध्यंतर झाले की प्रशिक्षकांभोवती आम्हा खेळाडूंपेक्षा समितीचे सदस्यच अधिक असत. एका सामन्यात प्रशिक्षकांनी मला उत्तरार्धात डाव्या बाजूला खेळण्यास सांगितले आणि ते पाण्याची बाटली घेण्यासाठी वळले, तोच मागून एका पदाधिकाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवून ‘मधली जागा सोडू नकोस’ असे बजावले. कोणाचे ऐकावे हे मला कळेना, आणि मी ना डावीकडे होतो ना मध्ये, अशा अवस्थेत असताना माझ्याच बाजूने गोल झाला. सामना आम्ही हरलो आणि पुढच्या बैठकीत त्याचा ठपका प्रशिक्षकांवर आला. ते अतिशय अभ्यासू गृहस्थ होते. त्यांनी नंतर कोणत्याही तालमीचे काम स्वीकारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडे देणगीदार, समिती आणि समर्थक यांचे प्रेमच संघाला जगवते, हे मला मान्य आहे. जो मनुष्य स्वतःच्या खिशातून बाहेरच्या खेळाडूचे मानधन देतो, त्याला तो खेळाडू मैदानावर दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याला उतरवायचे की नाही, हे जर प्रशिक्षकांच्या हाती नसेल, तर आपण पुण्याहून आणलेला माणूस आणि पेठेतला माणूस यांत काहीच फरक उरत नाही. संघनिवड, बदली खेळाडू आणि सरावाची वेळ या तीन बाबी प्रशिक्षकांच्या अधिकारात राहतील, असे नेमणुकीपूर्वी इतिवृत्तात लिहून त्यावर सर्व सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या जुन्या प्रशिक्षकांनी पद का सोडले, हेही त्यांना घरी जाऊन शांतपणे विचारावे.

कूपरेजचा प्रेक्षक, मुंबई

वरच्या प्रतिसादातील शेवटच्या वाक्यावर मला अधिक लिहायचे आहे, कारण मुंबईच्या एका संघाचे त्याच ठिकाणी चुकले असे मला वाटते.

खालिद जमील हे २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. पैशाने आणि नावाने मोठे असलेले संघ समोर असताना त्यांचा संघ अनेकदा तळाजवळ झगडत असे. त्यांचा बचावात्मक खेळ प्रेक्षकांना रुचत नसे, आणि मीही मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या गॅलरीत बसून त्याबद्दल कुरकुर केली आहे. तरीही त्यांच्या काळात हा संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून एकदाही खाली गेला नाही. २०१६ मध्ये त्यांची आणि क्लबची वाट वेगळी झाली. त्यानंतरच्या मोसमात मधेच आणखी एकदा प्रशिक्षक बदलूनही मुंबई एफसी दहा संघांत शेवटी राहिला, आणि पुढे तो संघच बंद पडला.

त्याच मोसमात जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसी या क्लबाकडे गेले. तो क्लबही २०१६ मध्ये पदावनत झाला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतल्यानंतर त्याला परत घेण्यात आले, म्हणजे ज्याला आपण बुडालेला संघ म्हणू, असाच तो संघ होता. मिझोरामची स्थानिक मुले, मोजके परदेशी खेळाडू आणि आशुतोष मेहता, जयेश राणे यांच्यासारखे मुंबईचे काही खेळाडू एवढ्या बळावर त्यांनी १८ सामन्यांत ३७ गुण मिळवले आणि मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२५ मध्ये हेच जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

म्हणून माझा प्रश्न आपल्या तिन्ही उमेदवारांबद्दल नसून गेलेल्या प्रशिक्षकांबद्दल आहे. कमी पैशांत आणि अर्ध्या सरावावर संघ शेवटच्या दिवशी का होईना, टिकवणारा मनुष्य कदाचित आपल्याला वाटतो त्याहून अधिक चांगला असेल. ते परत येण्यास तयार असतील, तर त्यांचे नाव यादीत चौथे नव्हे, पहिले असावे. आणखी एक गोष्ट, विजेतेपदानंतर जमील लगेच ईस्ट बंगालला गेले. लहान क्लबाचा चांगला प्रशिक्षक मोठा क्लब नेतो, हे गृहीत धरून करार किमान दोन मोसमांचा करावा.

ब्रिस्टॉलवासी, इंग्लंड

मी मूळचा सांगलीचा असून नोकरीनिमित्त ब्रिस्टॉलला राहतो. येथील खालच्या लीगमधील दोन सामन्यांच्या एका दुपारबद्दल लिहावेसे वाटते.

३ मे २०१४ रोजी चौथ्या स्तरावरील मोसमाचा शेवटचा दिवस होता. वायकम वाँडरर्सने टॉर्कीला जाऊन ३-० असा विजय मिळवला, त्याच वेळी ब्रिस्टॉल रोव्हर्स स्वतःच्या मैदानावर मॅन्सफील्डकडून ०-१ असे हरले, आणि केवळ गोलफरकाने वायकम टिकला व रोव्हर्स व्यावसायिक लीगबाहेर गेले. वायकमचे व्यवस्थापक (येथे मुख्य प्रशिक्षकाला असेच म्हणतात) गॅरेथ एन्सवर्थ आणि रोव्हर्सचे डॅरेल क्लार्क यांपैकी कोणालाही नंतर काढून टाकले असते, तर त्या दिवशी फारसे कोणी आक्षेप घेतला नसता. पण दोन्ही क्लबांनी त्यांना ठेवले. क्लार्क यांनी रोव्हर्सला २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे वर चढवले. एन्सवर्थ यांचा वायकम २०२० मध्ये इतिहासात प्रथमच दुसऱ्या स्तरावर पोहोचला, आणि ते २०२३ पर्यंत तेथेच होते.

याच्या अगदी उलट उदाहरण माझ्या घरापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर नेल्सवर्थ गावात घडले. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा संघ २०२२ मध्ये चौथ्या स्तराचा विजेता ठरला आणि त्याचे व्यवस्थापक रॉब एडवर्ड्स वॉटफर्ड या दुसऱ्या क्लबाकडे गेले. पुढच्या मोसमात दोन व्यवस्थापक झाले, आणि संघ तळाला जाऊन खाली उतरला. २०२३-२४ मध्ये डेव्हिड हॉर्समन यांना डिसेंबरमध्ये काढून त्याच संघात खेळणारे ट्रॉय डीनी यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. सहा सामन्यांत एकही विजय मिळाला नाही, डीनींनी स्वतःच्या खेळाडूंवर जाहीरपणे कडक टीका केली, आणि महिन्याभराच्या आत त्यांनाही जावे लागले. त्यानंतर स्टीव्ह कॉटरिल आले, तरी संघ पुन्हा तळाला राहून लीगबाहेर गेला.

‘आपला माणूस की बाहेरचा’ या आपल्या वादाचे उत्तर मला या उदाहरणांत सापडत नाही, कारण डीनी आणि एन्सवर्थ हे दोघेही त्या त्या संघाचे खेळाडू असताना व्यवस्थापक झाले होते. फरक दुसरीकडे होता. एन्सवर्थ यांनी त्यापूर्वी क्वीन्स पार्क रेंजर्सची सूत्रे हंगामी म्हणून दोनदा सांभाळली होती आणि क्लार्क यांनी सॉल्झबरीला दोन वेळा वरच्या गटात नेले होते. डीनींना मात्र पहिलाच धडा बुडत्या संघात गिरवावा लागला. त्यांच्यावर तेव्हा झालेली सगळीच टीका मला न्याय्य वाटली नाही. ज्या माणसाने कधी संघ सांभाळलेला नाही, त्याच्या हाती असा संघ देणे हा त्याच्यावरही अन्याय असतो. आपल्या माजी बचावपटूंना पेठेत मान आहे, असे आपण लिहिले आहे. तो मान टिकावा अशी इच्छा असेल, तर त्यांना यंदा सहायक म्हणून घ्यावे आणि पूर्ण जबाबदारी एक-दोन वर्षांनी द्यावी.

शारीरिक शिक्षण शिक्षिका, इचलकरंजी

शेवटच्या वीस मिनिटांत होणाऱ्या गोलांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. तो प्रश्न केवळ दमाचा आहे असे समजू नये. दमलेल्या संघात सर्वप्रथम बोलणे बंद होते. गोलरक्षक बचावपटूंना हाक मारत नाही, मध्यरक्षक मागे वळून पाहत नाहीत, आणि जो तो स्वतःपुरते धावतो. ज्या अकरा जणांनी एकत्र सरावच केलेला नाही, त्यांच्यात हे लवकर घडते.

तिन्ही उमेदवारांना तीन-तीन दिवस सराव घेऊ द्यावा आणि आपण ती वही घेऊन कडेला उभे राहावे. सव्वासातला मुले निघाल्यानंतर कोण काय करतो, तेवढेच पाहावे. एखादे प्रशिक्षक उरलेल्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतील. दुसरे आधीच हजेरी पाहून पूर्ण संघाचे काम पहिल्या पाऊण तासात उरकतील, आणि उरलेल्या आठ जणांना छोट्या चौकोनात चेंडू ताब्यात ठेवण्याचा खेळ देतील. बारा वर्षे शाळेत शिकवणाऱ्या माणसाला अपुरी मुले आणि अपुरा वेळ यांची सवय असते, हे मी अनुभवाने सांगते. तरीही त्यांना वरिष्ठ खेळाडूंसमोर उभे राहिलेले पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. लायसन्सचे महत्त्व मी नाकारत नाही. बी लायसन्स असलेल्या प्रशिक्षकांनी सरावाची आखणी शास्त्रशुद्ध शिकलेली असते, पण ती आखणी बहुधा सगळे खेळाडू हजर आहेत असे धरून केलेली असते.

तालमीचा कार्यकर्ता, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी मी आमच्या जुन्या प्रशिक्षकांच्या घरी गेलो होतो. दीड तास बसलो. पद सोडण्याचे कारण त्यांनी एकाच वाक्यात सांगितले, आणि ते येथे वर लिहिलेल्या मध्यंतराच्या प्रसंगापेक्षा फारसे वेगळे नव्हते. आम्हा समितीच्या लोकांकडून असे घडले, आणि बाकामागे उभ्या असलेल्यांत त्या दिवशी मीही होतो, हे मला मान्य केले पाहिजे. परत येण्याविषयी त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. अधिकारांबद्दलचा ठराव लेखी झाल्यावर बोलू, एवढेच ते म्हणाले.

रविवारच्या बैठकीत मी तो ठराव मांडणार आहे. संघनिवड आणि बदली खेळाडू यांविषयी सर्वांची संमती मिळेल असे वाटते. सरावाच्या वेळेचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण संध्याकाळी मैदान मिळत नाही आणि फाउंड्रीतील मुलांची पाळी बदलणे आमच्या हातात नाही. सध्या पहाटे साडेपाचला सुरुवात करून पहिला तास पूर्ण संघासाठी राखावा, असा विचार आहे. माजी बचावपटूंशी मी आज सकाळी बोललो. सहायक होण्याची कल्पना ऐकून ते क्षणभर गप्प राहिले, मग ‘पुण्याचे सर येणार असतील तर मला शिकायला मिळेल, आणि शाळेचे सर येणार असतील तर त्यांना वरिष्ठ मुले सांभाळायला माझी मदत होईल’ असे म्हणाले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

शिक्षक महोदय सोमवारपासून तीन दिवस सराव घेणार आहेत, आणि पुण्याचे प्रशिक्षक गुरुवारी येत आहेत. या दिवसांत पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचते, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या मैदानासाठी विनंती करून ठेवली आहे. वही सोबत असेलच. सव्वासातनंतर जे दिसेल, ते येथे कळवतो.