पाच फुटी टँक आणि सिक्लिड: एकाच तळ्याचे घ्यावेत की 'सब चलेगा'?

मुलुंडचा_मासेवाला (धागाकर्ता)

भाच्याने भांडुपला घर घेतलं आणि हॉलमध्ये पाच बाय दोन बाय दोनचा टँक बसवला. मामा मासे पाळतो म्हणून सल्ला मागितला खरा, पण तो ऐकण्याआधीच दुकानात जाऊन यादी करून आला. दोन ऑस्कर, एक फ्लॉवरहॉर्न, सहा पिवळे लॅब, चार पिकॉक आणि "ते पट्टेवाले पिवळे-काळे पण, काय गोड आहेत". दुकानदार म्हणाला म्हणे, सब सिक्लिड है, सब चलेगा.

सिक्लिड हे माशांच्या एका मोठ्या कुळाचं नाव. आडनाव एक म्हणून सगळे कुलकर्णी एका घरात नांदतात का? माझं मत साधं आहे. एका टँकमध्ये एकाच तळ्याचे मासे. आफ्रिकेतल्या मलावी तळ्याचे तर मलावीचे, तिथल्याच टांगानिकाचे तर टांगानिकाचे, दक्षिण अमेरिकेचे तर तिकडचेच. फ्लॉवरहॉर्न तर कुठल्याच तळ्याचा नाही, नव्वदच्या दशकात मलेशियात संकर करून काढलेला. वास्तूसाठी हवाच असेल तर एकटा ठेवा, काचेतल्या स्वतःशी भांडू दे.

मी हे ठेचकाळून शिकलोय. २०१९ साली माझ्या चार फुटी टँकमध्ये केनी, ऑराटस आणि तीन पिकॉक एकत्र होते. त्यातला निळ्या तोंडाचा पिकॉक सगळ्यात देखणा. दोन महिन्यांत तो फिल्टरच्या पाइपमागे, वरच्या कोपऱ्यात, तिरका उभा राहायला लागला. शेपटीच्या जागी नुसती पांढरी झालर. दाणे टाकले की वीतभर खाली यायचा, ऑराटस दगडाआडून फक्त तोंड बाहेर काढायचा, की हा परत पाइपमागे. एका सकाळी दाणे टाकले तर आलाच नाही. वर्षअखेर टँकमध्ये एकटा ऑराटस राज्य करत होता.

तेव्हा तज्ज्ञांनो, भाच्यासाठी लिहा. तो वाचतोय.

तळ्यात_मळ्यात

मामा, धागा छान. पण तुमच्याच गोष्टीने तुमचं मत बुडवलं की हो! केनी मलावीचा, ऑराटस मलावीचा, पिकॉक मलावीचा. सगळे एकाच तळ्याचे होते, तरी एकच उरला. मग तळं एक असून काय उपयोग झाला?

मलावी तळं साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. दक्षिणेतल्या खडकावरचा मासा आणि उत्तरेच्या वाळूवरचा मासा जन्मात भेटत नाहीत. केनी आणि ऑराटस म्हणजे म्बुना, खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे, एकेका कपारीसाठी जीव घेणारे. पिकॉक वाळूवर तरंगत आत वळवळणारे किडे हुडकतो, स्वभावाने सज्जन. दोघांना चार फुटांत कोंडायचं आणि दोष द्यायचा दुकानदाराला?

माझ्याकडे सहा फुटीत चार वर्षं झाली, टांगानिकाचा फ्रंटोसा मलावीच्या पिकॉकांबरोबर राहतोय. दोघांनाही क्षारयुक्त पाणी लागतं, दोघेही मांसाहारी, दोघेही थंड डोक्याचे. तळी दोन, टँक एक, भांडण शून्य. भूगोल सोडा, स्वभाव आणि ताट बघा.

मुलुंडचा_मासेवाला

पकडलंत. खरंच पकडलंत. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, हे कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं.

तरी अर्धाच मागे हटतो. नवख्या माणसाला स्वभाव काय दिसणार? दुकानात दोन इंचाचा ऑराटस बघा, पिवळा, काळे पट्टे, अगदी मिठाईसारखा. नर मोठा होऊन काळा पडतो तेव्हा कळतं घरात काय आणलंय. केनीचं तर सगळंच उलटं, मादी निळी आणि नर पिवळा. स्वभाव कळेपर्यंत चार मासे गेलेले असतात. तळ्याचं नाव निदान विचारता येतं. पहिली चाळणी म्हणून तळं, दुसरी म्हणून स्वभाव. आणि फ्रंटोसा वाढून फूटभर होतो, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

पाणीवाली

तुम्ही दोघेही आफ्रिकेतच अडकलात. नळाला काय येतं ते कुणी बघितलं का?

आपल्याकडे भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी येतं. बेसाल्टच्या डोंगरातलं पावसाचं पाणी, मऊ. माझ्या घरच्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शंभरच्या आतच दिसतो. मलावीचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली, त्याचा आकडा) साधारण पावणेआठ ते साडेआठ, टांगानिका त्याहून वर. म्हणजे आपण मऊ पाणी घ्यायचं, त्यात क्षार कालवून ते कडक करायचं आणि दर आठवड्याला पाणी बदलताना हाच उद्योग पुन्हा. कशासाठी? ऑस्कर, सेव्हरम, जिओफॅगस, एंजल, सगळे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्यातले. भाच्याच्या यादीतला ऑस्करच काय तो शहाणपणाचा होता!

आणखी एक, पीएच जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी. आफ्रिकेचा टँक भरगच्च ठेवायचा असतो म्हणे, वर पीएच सव्वाआठ. दोन दिवसांसाठी गावाला गेलात आणि फिल्टर बंद पडला, की परत आल्यावर कळतं.

तळ्यात_मळ्यात

पाणीवाली, कागदावर बरोबर आहे. पण कुर्ल्याच्या नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातला पिवळा लॅब मलावीहून विमानाने आलेला नसतो. पिढ्यानपिढ्या टाक्यांत वाढलेला असतो, साडेसात पीएचच्या पाण्यातही मजेत राहतो. पीएचच्या आकड्यामागे धावून रोज पावडरी टाकणारे लोक मासे जास्त मारतात. पाणी स्थिर ठेवा, बस्स.

पाणीवाली

स्थिर? मुंबईत? दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाणीकपात झाली आणि सोसायटीने टँकर मागवला. मला पत्ता नाही. रविवारी नेहमीसारखं निम्मं पाणी बदललं. अर्ध्या तासात माझी सेव्हरमची जोडी तळाला बसली, कल्ले फडफडताहेत, रंग उडालेला. मीटर बुडवला तर नऊशेच्या वर. बोअरचं पाणी होतं. अँटीक्लोरीन टाकलं होतं म्हणून मी निश्चिंत, पण क्षारांना अँटीक्लोरीन काय करणार? पिंपात चार बादल्या जुनं पाणी शिल्लक होतं, ते थोडं थोडं करत रात्री दोनपर्यंत बसले. एक वाचली.

तेव्हापासून पाणी बदलण्याआधी मीटर बुडवल्याशिवाय बादली उचलत नाही. आणि भाच्याला सांगते, पन्नास लिटरची दोन पिंपं आधी घे, मासे नंतर.

बीमकॉलम

मी सिव्हिलवाला, मासे फक्त ताटात ओळखतो. मामा, पाच बाय दोन बाय दोन म्हणजे काठोकाठ ५६६ लिटर. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून आठशे किलोच्या आसपास. हे सगळं एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून काढतात. घाबरू नका, स्लॅब लगेच खाली येत नाही, सगळ्या खोलीत मिळून हिशोब होतो. पण टँक भिंतीला लावून, बीमच्या वर, शक्यतो कॉलमजवळ. खोलीच्या मधोमध नको. आणि आत घेतलेल्या बाल्कनीत तर अजिबात नको! कितव्या मजल्यावर आहे याला महत्त्व नाही, कुठे ठेवलाय याला आहे. जुनी इमारत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

विरार_स्लो

वरती भरगच्च टँकचा विषय निघाला म्हणून. म्बुनाच ठेवायचे असतील तर गर्दी हेच औषध. टँकमध्ये पाच म्बुना असले तर दादा चौघांना मारतो. तीस असले तर कुणाकुणाच्या मागे धावणार? आपली ८:१२ ची विरार फास्ट बघा, एवढ्या गर्दीत कुणाला जागेवर हक्क सांगताच येत नाही, म्हणून शांतता.

चौथी_सीट

विरारच्या गाडीत शांतता असते म्हणणारा विरारच्या गाडीने कधी गेलेला नाही. आयडीवरूनच कळतंय, स्लोने जातोस.

गर्दीने मार विभागला जातो, थांबत नाही. आणि तीस माशांची घाण कोण काढणार? दर आठवड्याला तीस-चाळीस टक्के पाणी, मोठा कॅनिस्टर फिल्टर, शिवाय मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर गेलं की प्राणवायू आधीच कमी. हे नवख्याला सांगायचं औषध नव्हे.

विरार_स्लो

बरं बाबा. पण एका नराला तीन-चार माद्या ठेवल्या तर? एकाच मादीच्या मागे लागत नाही. हे तरी मान्य कर.

चौथी_सीट

हे मान्य. पण अंडी मादी तोंडात धरते, तीनेक आठवडे काही खात नाही, पोट आत जातं. भाच्याने "मासा आजारी पडला, औषध टाकू का" असा धागा काढू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. औषध टाकायचं नाही, तिला दगडाआड एकटं सोडायचं.

खाडीवरचा

आफ्रिका झाली, अमेरिका झाली. घरचा सिक्लिड कुणी आठवला? कालुंदर! होय, तोच, जो मालवणात तळून खातात. केरळात करीमीन, तिथे २०१० साली राज्यमासा केला. भारतात अस्सल देशी सिक्लिड मोजून तीन, कालुंदर, त्याचा छोटा पिवळा भाऊ ऑरेंज क्रोमाइड आणि कर्नाटकातला कॅनरा. यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीत, मादागास्करमध्ये आहेत.

पाच फुटीत आठ-दहा कालुंदर आणि डझनभर पिवळे सोडा. पिवळ्यांची पिल्लं कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात, कालुंदर आडवा होऊन करू देतो. याहून जमणारी जोडी दाखवा मला. मामांच्या नियमात बसते, तळ्यात_मळ्यातच्या नियमातही.

बीमकॉलम

या धाग्यात पहिल्यांदा मला ओळखीचा मासा दिसला. मसाला कुठला लावता?

पाणीवाली

खाडीवरचा, जोडी सुंदर आहे, पण ती मचूळ पाण्यातली. निव्वळ गोड्या पाण्यात जगतात खरे, पण खुलतात थोडं मीठ असलं की. पुन्हा पाणी कालवणं आलंच. शिवाय कालुंदर झाडं ठेवत नाही, कुरतडून टाकतो.

भाचा_भांडुप

नमस्कार, मीच तो भाचा. सगळं वाचलं, आता रात्री झोप नाही. एक शंका. समजा एखादा मासा जमलाच नाही, मारकुटा निघाला, तर पवई तलावात सोडला तर चालेल ना? तिथे जागा भरपूर आहे.

खाडीवरचा

नाही. नाही. नाही. मोझांबिक तिलापिया १९५२ साली आपल्याकडे आणला. तोही सिक्लिडच. आज ज्या तळ्यात बघाल त्यात चिलापी. मारकुटा निघाला तर दुकानात परत दे, इथे धागा काढ, कुणीतरी येऊन घेऊन जाईल. तलावात नाही.

तळ्यात_मळ्यात

या एका मुद्द्यावर माझा आणि मामांचा वाद नाही.

मुलुंडचा_मासेवाला

त्याला घरी जाऊन बोललो आहे. बोललो म्हणजे, त्याच्या आईसमोर बोललो.

आता यादी. पाणीवालींचा मुद्दा पटला, पण पोराला रंग हवेत आणि ऑस्करने फूटभर वाढून लॅब गिळलेले मला बघायचे नाहीत. म्हणून म्बुना नाहीत, ऑस्कर नाहीत, फ्लॉवरहॉर्न नाही. सगळे नर पिकॉक, दहा, प्रत्येक वेगळ्या रंगाचा. मादी एकही नाही, म्हणजे भांडणाचं मूळ आणि संकराची पिल्लं दोन्ही टळतात. पिल्लं घ्यायची नाहीत, लहानपणी सगळेच राखाडी असतात आणि हार्मोन देऊन रंगवलेलीही मिळतात. चार इंचाचे, रंग आलेले घ्यायचे, महाग पडले तरी. सोबत सहा पिवळे लॅब, ते नावाला म्बुना असले तरी किडे खाणारे आणि बऱ्यापैकी सभ्य. सगळे एकाच दिवशी सोडायचे, म्हणजे जुना-नवा हा वाद नको. पाणी कडक करायला फिल्टरमध्ये संगमरवराच्या चिपा. दुकानात प्रवाळाचा चुरा पुढे करतात, तो घ्यायचा नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आणि बघा, सगळे मलावीचेच निघाले.

तळ्यात_मळ्यात

निघाले, पण तुम्ही निवडले स्वभाव बघून. तळं नंतर आठवलं. पिवळे लॅब तुमच्याच नियमाला अपवाद करून घेतलेत, ते कशावरून घेतलेत? ताटावरून.

असो. माझ्याकडे तीन इंचाचं फ्रंटोसाचं पिल्लू जास्तीचं आहे. भाच्याला हवं असेल तर रविवारी विक्रोळीला येऊन घेऊन जा. हळू वाढतो, फूटभर व्हायला वर्षं लागतील, तोवर मोठ्या टँकचं बघता येईल.

भाचा_भांडुप

हो चालेल!! किती वाजता येऊ?

मुलुंडचा_मासेवाला

अरे पण टँकमध्ये अजून पाणी भरलेलं नाही.

पाणीवाली

आणि पिंपं घेतली का?