लेटन्सी: विलंब, डिले की सुप्तता?

प्रश्न: घरी रेकॉर्डिंग करताना माइकमध्ये गायलेला स्वर हेडफोनमध्ये किंचित मागाहून येतो. याला लेटन्सी म्हणतात हे कळलं, पण एका ठिकाणी 'सुप्तता' असा प्रतिशब्द वाचला. तो बरोबर आहे का? आणि डिले म्हणजेही तेच का?

– 'सुप्तता' अजिबात नको. सुप्त म्हणजे आत दडलेलं. इथे दडलेलं काही नाही, आवाज उशिरा पोचतो एवढंच. 'विलंब' अर्थाने चोख आहे. तरी काम करताना मी लेटन्सीच म्हणेन. डिले हा तर मुद्दाम लावलेला इफेक्ट. 'आवाजात डिले येतोय' म्हटलं की समोरचा इफेक्ट बंद करायला जातो, आणि दुखणं असतं बफरमध्ये, म्हणजे संगणक आवाज हाताळण्याआधी थोडा थोडा साठवून घेतो त्या तुकड्यात.

– 'लेटन्सी किती?' हा प्रश्नही अर्धवटच. कोणती, ते विचारायला हवं. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने (सॅम्पल), ४८,००० आणि बफर २५६ सॅम्पलचा असेल, तर २५६ भागिले ४८,००० म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. पण हा एकाच बफरचा हिशेब. आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना एक, म्हणजे १०.७ झाले, त्यावर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग) आणि ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारं सॉफ्टवेअर) यांचा वेळ वेगळा. म्हणून 'जाण्यायेण्याची लेटन्सी' असं स्पष्ट म्हणावं. गाताना बफर ६४ किंवा १२८ वर आणा. मिक्सिंगच्या वेळी ५१२ किंवा १०२४ ठेवलात तरी बिघडत नाही, उलट प्रोसेसरवरचा ताण हलका होतो. फार खाली नेलात तर आवाजात कटकट सुरू होते.

– गायकाच्या तोंडून 'उशीर' हा शब्द क्वचितच येतो, हेही लक्षात घ्या. तो म्हणतो, 'आवाज पोकळ लागतोय.' स्वतःचा आवाज हाडांतून लगेच कानात पोचतो, हेडफोनमधला काही मिलिसेकंदांनी येतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून पोत बदलतो. गिटारवाल्याला मात्र १० मिलिसेकंद सहसा खटकत नाहीत. अँप साडेतीन मीटरवर ठेवला तरी हवेतून आवाज यायला तेवढाच वेळ लागतो.

– इंटरफेसवर, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर, 'झिरो लेटन्सी' लिहिलेलं असतं, ते कितपत खरं?

– डायरेक्ट मॉनिटरिंगपुरतं जवळजवळ खरं. माइकचा आवाज संगणकात न शिरता इंटरफेसमधूनच हेडफोनकडे वळतो. ते चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग आठवणीने बंद करा, नाहीतर तोच स्वर दोनदा येईल. त्या आवाजावर सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) मिळणार नाही, ही अडचण राहतेच. ब्लूटूथ हेडफोन असतील तर आधी बाजूला ठेवा आणि वायरचे घ्या. ब्लूटूथची लेटन्सी बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्या वर असते, बफर कितीही कमी केलात तरी ती हटत नाही.

– आणि रेकॉर्ड झालेला ट्रॅक तालाच्या मागे बसला असेल, तर त्याला 'ट्रॅक सरकलाय' म्हणा. तिथे बफर कमी करून भागत नाही, लेटन्सी कंपेन्सेशनचा, म्हणजे सॉफ्टवेअर उशीर भरून काढायला ट्रॅक जेवढा पुढे ओढतं त्याचा, आकडा दुरुस्त करावा लागतो. इंटरफेसचं आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडून एक टिचकीचा आवाज पाठवा, परत आलेला रेकॉर्ड करा आणि दोन्हींतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा; दुरुस्तीसाठी तेच लागतं.