सर्व्हिस बुलेटिन, एसएआयबी आणि एडी: सक्तीचं नेमकं काय?

शिकाऊ_एएमई
सेसना १७२ या छोट्या विमानाची देखभालीची कागदपत्रं पाहताना गोंधळ होतोय. उत्पादकाच्या सर्व्हिस बुलेटिनवर (तांत्रिक सूचनापत्रावर) ‘मँडेटरी’ म्हणजे सक्तीचं असं छापलेलं असतं, एफएएच्या (अमेरिकी विमान नियामकाच्या) एसएआयबीत, म्हणजे सुरक्षाविषयक माहितीपत्रकात, नुसती शिफारस असते, आणि एडी (एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, उड्डाणयोग्यतेचा आदेश) वेगळीच. बंधनकारक काय? आणि एडी केल्याची नोंद कशी करायची?

हँगर_तीन
बंधनकारक एडी. सेसनासाठी ती एफएएची, एअरबससाठी ईएएसएची (युरोपीय नियामकाची), आणि भारतातल्या विमानांनाही ती पाळावीच लागते. बुलेटिनवरचा ‘मँडेटरी’ हा उत्पादकाचा शब्द. एडीने त्या बुलेटिनप्रमाणे काम करायला सांगितलं, डीजीसीएने (भारताच्या नियामकाने) आदेश काढला किंवा तुमच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये ते असलं, की सुटका नाही.

एसएआयबी म्हणजे सल्ला. बोइंगच्या इंधन कंट्रोल स्विचच्या लॉकिंगबद्दल एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये एनएम-१८-३३ काढली, ती सल्ल्यापुरतीच. भारतात ती तपासणी सक्तीची झाली जुलै २०२५ मध्ये, डीजीसीएने २१ तारखेची मुदत घातली तेव्हा. म्हणून सल्ल्याचा कागदही वाचावा आणि काम केलं नसेल तर का नाही, ते लिहून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

रेल_आणि_रोलर
१७२ चं उदाहरण घ्या: एडी २०११-१०-०९, सीट रेल. दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल ते. टेकऑफला सीट रेलच्या छिद्रात अडकवणारी पिन निसटली की सीट मागे सरकते, पायलटच्या हातातलं योक (नियंत्रणाचं चाक) सोबत ओढलं जातं, नाक वर जातं आणि विमान जमिनीजवळच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते.

रेलचं छिद्र झिजून ०.३६ इंचाच्या पुढे गेलं की त्याचं माप दर १०० तासांनी घ्यायचं, ०.४२ ओलांडलं की रेल बदलायची. पिन छिद्रात किमान ०.१५ इंच बसली पाहिजे. इथेच चूक होते: सीटची पुढची कड वर उचलून, उभी ढिलाई काढूनच ही खोली मोजायची. सीट तशीच ठेवून मोजलं तर पिन पुरेशी बसल्यासारखी वाटते. रेलचे तडे, पिनची स्प्रिंग आणि रोलर हाउसिंगच्या टँगची (रेलला धरून ठेवणाऱ्या आकड्याची) झीजही बघा. टँग निम्म्याहून जास्त झिजलेला चालत नाही.

शिकाऊ_एएमई
म्हणजे ‘एडी कम्प्लाइड’ एवढं लिहून भागणार नाही?

हँगर_तीन
नाही. एडी क्रमांक, रिव्हिजन, कोणत्या पद्धतीने केली, तारीख, तास, आणि पुनरावर्ती असेल तर पुढची कधी, हे सगळं हवं. तास म्हणजे चाकं जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचे. एका नोंदीत हॉब्सचे (विमानातल्या तासमापकाचे) आणि दुसरीत टेक लॉगचे (विमानाच्या नोंदवहीतले) घेतले की पुढची मुदत चुकते. आणि एडींची यादी फक्त एअरफ्रेमची (विमानाच्या सांगाड्याची) काढू नका. इंजिन, प्रोपेलर आणि मॅग्नेटोसारखी (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागासारखी) उपकरणं यांच्या एडी स्वतंत्र असतात, आणि त्या पार्ट नंबर व सीरियल नंबरवर ठरतात. मॅग्नेटो बदलला की यादी पुन्हा तपासायची.

रेल_आणि_रोलर
नमुना (रिव्हिजन, पद्धत आणि तारीख सोडून): ‘एडी २०११-१०-०९, पायलट सीट, सर्वात मोठं छिद्र ०.३४ इंच, पिन ०.१९ इंच, तडा नाही. ४२१० तास. पुढची ४३१० तासांना किंवा १२ महिन्यांनी, जे आधी.’ को-पायलट सीटची वेगळी ओळ.