मदत हवी आहे: आईची ऐंशीनंतरची वाढीव पेन्शन आणि तिला सांभाळणाऱ्या बाईचा खर्च

नमस्कार. वडील मराठा लाईट इन्फंट्रीत नाईक होते, २०१६ साली गेले. आई कोरेगाव तालुक्यात गावी असते. तिला फॅमिली पेन्शन आहे, बेसिक ९,००० आणि वर महागाई भत्ता. आधारप्रमाणे जन्म १ जानेवारी १९४४. (खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. आजी म्हणायची, पेरणीच्या दिवसांतली.)

मार्चमध्ये न्हाणीत पडून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. उठवायला-बसवायला माणूस लागतो. मी ठाण्याला, भाऊ पुण्यात. दिवसाची बाई १४,००० घेते, रात्री तिच्या चुलत जाऊबाई येऊन झोपतात, पण त्यांचंही वय सत्तर.

ऐंशीनंतर पेन्शन वाढते हे मला आत्ता कळलं. आईची वाढलेलीच नाही. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशपत्रावर) तिची जन्मतारीखच नाही, आणि नावापुढे 'बाई' आहे. आधारवर नुसतं नाव. एका कार्यालयात "मुलालाच पाठवा" असं ऐकवलं. मी मुलगी असल्याने काही फरक पडतो का? आणि बाईच्या पगारासाठी कुठली योजना आहे का? शेजारी श्रावणबाळचा फॉर्म भरा म्हणतात.

प्रतिसाद १
ताई, मुलगा-मुलगी काही फरक नाही, अर्ज आईच्या सही-अंगठ्याने जातो. ८० पूर्ण झाल्यावर बेसिकच्या २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०. म्हणजे आईचे १,८०० आणि त्यावर महागाई भत्ता, तेही जानेवारी २०२४ पासूनच्या थकबाकीसकट. आधी नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्या. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वडिलांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन घेऊन जा, तिथून रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं पाठवायचं ते सांगतील. पॅन आणि आधारवर तारीख एकच आहे ना, ते घरीच बघून निघा. माझी एक फेरी त्यातच गेली.

श्रावणबाळचा नाद सोडा. वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, पेन्शनवाल्यांना ते कसं बसणार?

प्रतिसाद २
बाईच्या पगाराचं कटू आहे पण सांगते: ईसीएचएस दवाखान्याचं बघतं, घरी सांभाळणाऱ्या बाईचं नाही. सैनिक बोर्डाचं निर्वाह अनुदान आहे, पण ते पेन्शन नसलेल्यांना. कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स (सोबतीच्या माणसासाठीचा भत्ता) १०० टक्के अपंगत्व पेन्शन असलेल्या सैनिकाला, विधवेला नाही. आम्ही भावंडांनी सरळ वाटे पाडले. आणि ७० वरच्यांचं आयुष्मान कार्ड घाईने काढू नका. ईसीएचएस असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार. पॅनवर १ जून निघाली! आता आधी ती. अजून एक, आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, हयातीचा दाखला कसा करू?

प्रतिसाद १
फोनवर जीवन प्रमाणचं (ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचं) चेहरा ओळखणारं ॲप आहे, अंथरुणात बसूनही होतं. पेन्शन देणाऱ्याच्या जागी 'स्पर्श' (लष्करी पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) निवडा. ८० वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच करता येतं. उजेड दारातून येईल असं बसवा, चष्मा काढायला सांगा.