मदत हवी आहे: फाटकावर रेल्वेची धडक, दावा नेमका कुठे लावायचा?

माझे मेहुणे (वय ४१, जुळे सोलापूर) स्वतःचा छोटा हत्ती चालवतात. पाच महिन्यांपूर्वी, गेटमन असलेल्या फाटकावर गाडीच्या मागच्या बाजूला रेल्वेची धडक बसली. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, खुब्यालाही फ्रॅक्चर आहे. फाटक उघडं होतं, असं मेहुणे सांगतात. गेटमनचा जबाब वेगळा आहे. चौकशी सुरू आहे.

लायसन्स, परमिट, विमा सगळं चालू होतं. दारू वगैरे काही नाही (हे विचारलं जातंच, म्हणून आधीच लिहिलं). पंचनामा, एफआयआर आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती आहेत. अपंगत्वाचा दाखला अजून मिळालेला नाही.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघाती विमा पॉलिसीत आहे, एक पाय गेल्यास निम्मी रक्कम. तो अर्ज दिला. रेल्वे दावा न्यायाधिकरणाची चौकशी केली, तर ते प्रवाशांसाठी, असं कळलं. शिवाय त्याची खंडपीठं मुंबई-नागपूरला, या अवस्थेत तिकडे खेटे घालणं शक्य नाही. रेल्वेची सानुग्रह मदत (गंभीर जखमीला अडीच लाख) प्रथमदर्शनी रेल्वेची चूक दिसली तरच मिळते.

राहिलं सोलापूरचं मोटार अपघात न्यायाधिकरण. तिथे सहा महिन्यांची मुदत, म्हणजे हातात महिनाही नाही.

जखमी चालक स्वतःच अर्जदार आणि समोर फक्त रेल्वे, असा दावा तिथे दाखल करून घेतात का? आणि अपंगत्वाचा दाखला नंतर जोडला तर चालेल का?