लकव्याचं इंजेक्शन तालुक्यालाच द्यावं का?

माणगंगा: आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन आहे, फिजिशियन आहे. तरी तोंड वाकडं झालेला, हात लुळा पडलेला माणूस आला की सलाईन लावायचं, चिठ्ठी द्यायची आणि जिल्ह्याला पाठवायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांत जायला हवं. जिल्ह्याला पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग. हिमाचलात २०१४ पासून फिजिशियन स्कॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर न्यूरॉलॉजिस्टला दाखवतो आणि जागेवरच इंजेक्शन देतो, तेही फुकट. डोंगरात जमतं, मग आपल्याला काय धाड भरलीय?

शंकासुर: मोबाईलवर स्कॅन बघून? १९९५ च्या ज्या अमेरिकी चाचणीवर हे औषध उभं आहे, तिच्यातच इंजेक्शन घेतलेल्या ६.४ टक्के लोकांची तब्येत मेंदूत रक्तस्राव होऊन बिघडली. न घेतलेल्यांत ०.६. रात्री दोनला असं झालं तर न्यूरोसर्जन कुठून आणणार? नातेवाईक काचा फोडणार आणि मार खाणार बॉण्डवरचा पोरगा डॉक्टर.

माणगंगा: त्याच चाचणीत तीन महिन्यांनी धडधाकट झालेले इंजेक्शनवाल्यांत जास्त होते, आणि मृत्यू वाढले नव्हते. हेही सांगा की! शिवाय गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे औषध एकदाच शिरेत सोडायचं असतं, त्याच कामाच्या जुन्या आल्टेप्लेजसारखं तासभर पंपावर चालवावं लागत नाही. द्या, आणि मग खुशाल १०८ मध्ये घाला.

नाईट ड्युटी: दोघंही इंजेक्शनवरच अडलात. आमच्याकडे बरेच जण झोपेत झटका येऊन सकाळी येतात, नाहीतर आधी झाडपाल्यावाल्याकडे जाऊन. त्यांची वेळ टळलेलीच असते, ते वॉर्डात पडतात. सोबतची बाई मायेने आडव्या माणसाला चहा पाजते, ठसका लागतो, पुढे न्यूमोनिया. आधी बसवून चमचाभर पाणी द्या. खोकला आला, आवाज घोगरा झाला, की तोंडाने सगळं बंद. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक युनिटांपैकी, म्हणजे लकव्याच्या खास वॉर्डांपैकी, काहींत नर्सेसनी ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींवर ठरवून लक्ष ठेवलं. ९० दिवसांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले तिथे ४२ टक्के, बाकीच्या युनिटांत ५८.

शंकासुर: हे पटलं. पण एकट्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना दर चार तासांनी साखर कोण बघणार?

नाईट ड्युटी: म्हणून तर म्हणते, लकव्याच्या चार खाटा माझ्या टेबलासमोर लावा. पेशंट वॉर्डभर विखुरलेत, म्हणून धावपळ होते.

माणगंगा: खाटा लावाच, पण इंजेक्शन सोडायचं कशाला? फिनलंडमधल्या हेलसिंकीत अँब्युलन्सचा फोन आधी येतो आणि पेशंट थेट सीटीच्या टेबलावर जातो. दारातून इंजेक्शनपर्यंत १९९८ साली १०५ मिनिटं लागायची, २०११ ला २०.

शंकासुर: हेलसिंकीत सीटीवाला रात्री हजर असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो संध्याकाळी घरी जातो, किल्लीसकट. त्याची रात्रपाळी मंजूर करून आणा, मग इंजेक्शनला माझा विरोध नाही.