जर्मनी आणि अमेरिका : रोजच्या जगण्यात नेमका फरक कोणता?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

माझ्या पुतणीने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पदवी घेतली असून, पुढील शिक्षणासाठी तिला जर्मनी आणि अमेरिका अशा दोन्ही देशांत प्रवेश मिळाला आहे. शुल्क आणि कर्जाची चौकशी आम्ही केली. मात्र तिथला रोजचा दिवस कसा जातो, हे सांगणारे आमच्या गावात कोणी नाही. घरातील मंडळी म्हणतात, की परदेश इथूनतिथून सारखाच. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (वरुड, जि. अमरावती)

भाऊसाहेब, नोकरीनिमित्त मी दोन्हीकडे राहिलो आहे. माझ्या मते मुख्य फरक असा, की जर्मनीत बऱ्याच गोष्टी कायद्याने आधीच ठरवलेल्या असतात, तर अमेरिकेत त्या ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडलेल्या असतात. रविवारचेच पाहा. जर्मनीत त्या दिवशी किराणा आणि कापडाची दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानकावरील दुकाने, पेट्रोल पंप आणि काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या मिळतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेने दिलेले संरक्षण तिथल्या आजच्या घटनेतही कायम आहे, त्यामुळे आपण आठवडी बाजारातून भाजीपाला भरून ठेवतो तसा तिथे शनिवारीच भरून ठेवावा लागतो. अमेरिकेत मोठी दुकाने रविवारीही सुरू असतात.

पैशांच्या बाबतीत तिला विशेष सावध करा. जर्मनीत वस्तूवर लिहिलेल्या किमतीत कर धरलेला असतो; अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीकर बिल करताना वरून लागतो. हॉटेलात जेवल्यावर वाढप्याला १५ ते २० टक्के टिप द्यावी लागते, कारण टिप मिळणाऱ्या कामगाराची किमान रोख मजुरी तिथल्या केंद्रीय कायद्याने १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढीच ठेवली आहे. काही राज्यांनी ती वाढवली असली, तरी टिपेची रीत सर्वत्र आहे. जर्मनीत वाढप्यालाही सर्वांसारखेच किमान वेतन मिळते, त्यामुळे पाच-दहा टक्के दिले तरी पुरे होते.

उत्तर (आर्वी, जि. वर्धा)

काका, मी जर्मनीत शिकले आणि सध्या अमेरिकेत राहते. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते आणि नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर तिथे अपशकुन मानतात. अमेरिकेत रांगेतला अनोळखी माणूसही आपुलकीने बोलतो, पण त्यावरून लगेच मैत्री झाली असे समजू नये. जर्मन शेजारी सुरुवातीला मोजकेच बोलतात. एकदा घरी बोलावले, की मात्र संबंध टिकवतात. जाता-येता ‘जेवण झालं का’ असे विचारणाऱ्या गावातून गेलेल्या मुलीला पहिला हिवाळा जड जातो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता

ताई, मनापासून आभार. तिचे अमेरिकेतील विद्यापीठ एका लहान गावात आहे. तिथे गाडीशिवाय चालेल का?

उत्तर (आर्वी)

काका, तीच खरी अडचण आहे. जर्मनीत लहान गावांतूनही बहुधा बस किंवा रेल्वे मिळते. अमेरिकेतील लहान गावांत विद्यापीठाची बस नसेल, तर किराण्यासाठीसुद्धा दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहावे लागते. विद्यापीठाला ईमेल करून बसचे वेळापत्रक मागवा आणि सुट्टीच्या दिवसांत ती चालते का, हे आवर्जून विचारा.